बटणाला हात लावायचा नाही

ट्रेव्हर लिडस्टोनला आमच्या ऑफिसात सगळे संगणकतज्ज्ञ म्हणतात. मी अकलेचा कांदा म्हणते. मनातल्या मनात, अर्थात. कॅनडातल्या थंडर बेच्या या नकाशांच्या ऑफिसात पुढच्या टेबलावर बावीस वर्षं काढलीत, तोंड कधी मिटायचं ते कळतं मला.

ओक्साना जंगलातल्या रस्त्यांचे नकाशे काढते. वडिलांना अर्धांगवायू झाल्यापासून ती घरून काम करते, पण तिचा संगणक इथंच, माझ्या मागच्या खोलीत. संध्याकाळी तो झोपतो, सकाळी ती घरून इंटरनेटवरून हाक मारते की उठतो. फक्त महिन्यातून एकदा, मंगळवारी, ट्रेव्हर सगळ्यांच्या मशीनवर अपडेट सोडतो आणि बुधवारी हा गडी कितीही हाका मारा, ढिम्म. मग मी जाऊन बटण दाबायचे.

तिनं तक्रार केली तेव्हा ट्रेव्हरसाहेब आले, बटण दाबून मशीन चालू केलं, शेजारच्या टेबलावर बसले आणि तिथून हाक मारली. "बघ, लगेच ओ दिली! तुझ्या घरचं इंटरनेटच फालतू आहे." जाग्या माणसाला उठवून दाखवलंन हो! वर हुकूम काढला: सुरक्षेचा प्रश्न आहे, दुसऱ्याच्या मशीनला कुणी हात लावायचा नाही.

त्यानंतरच्या अपडेटच्या दोन बुधवारी मला बटण दाबता येईना, ओक्सानाला उशीर झाला. आमचे वरिष्ठ बेलामी साहेब म्हणाले, तिसऱ्यांदा झाला तर रोज ऑफिसात यायचं. "बाबांना कुणाच्या भरवशावर सोडू गं, मर्लीन?" फोनवर रडली बिचारी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आणि हा शहाणा? तोही उन्हाळाभर तळ्याकाठच्या आपल्या कॅम्पवरून, म्हणजे सुट्टीतल्या घरातून, काम करतो. स्वतःच्या मशीनवर अपडेटची खिडकी आली की दर वेळी 'नंतर' दाबतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

या मंगळवारी दुपारी तो कॅम्पवर निघाला आणि त्याचं मशीन टणटण करायला लागलं. मी फोन केला.

"ट्रेव्हर, तुझ्या पडद्यावर काहीतरी विचारतंय. वाचून दाखवू?"

"नको गं बाई, गाडी चालवतोय! हो म्हण आणि ती कटकट संपव."

"तुझ्या मशीनला हात लावू म्हणतोस?"

"लाव! हो म्हण एकदाचं!"

म्हटलं हो. नाही कशाला म्हणू?

बुधवारी पावणेनऊला बेलामी साहेब माझ्या टेबलापाशी उभे. मी आणलेल्या पर्शियन नावाच्या गोड पावांपैकी एक हातात, बोटांना गुलाबी साखर, डोळे घड्याळावर. नऊच्या आत यायला हवं ते ओक्सानाचं नाव अजून हजेरीत दिसत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. ट्रेव्हर. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मी स्पीकरचं बटण दाबलं.

"मर्लीन, माझं मशीन उठत नाहीये! नऊला टोरांटोची बैठक आहे. पळत जा आणि चालू कर."

"घरचं इंटरनेट तपासलंस का?"

"इंटरनेटचा काय संबंध? अपडेट झालं की नेटवर्क कार्डाची मशीन उठवायची परवानगी जाते. दर वेळी जाते! मागाहून टिक परत लावावी लागते, एवढंच!"

बेलामी साहेबांचं चावणं थांबलं.

"दर वेळी?" ते म्हणाले. "मग ओक्सानाच्या मशीनवर का नाही लावलीस?"

पलीकडून तळ्यावरची बदकं ओरडली.

"साहेब, बैठक..." ट्रेव्हर पुटपुटला.

मी उठले. "साहेब, दुसऱ्याच्या मशीनला हात लावायचा नाही असा हुकूम आहे. लावू का?"

"लावा. आणि तिचे आधीचे दोन उशीर आजच्या आज खोडा."

मागच्या खोलीत जाऊन मी ओक्सानाचं बटण दाबलं. आठ बावन्नला तिचं नाव हजेरीत आलं.

मग टेबलाशी परत येऊन बसले, उरलेला पर्शियन उचलला आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. हात धुतले. मग निघाले ट्रेव्हरच्या खोलीकडे.