दर बुधवारी सोळा जीबी

मित्रांनो, मी संगणकातली एक हार्ड डिस्क आहे. जुनी आहे, हे माझ्या अंगावरच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवरून कळतं. मत्सरी आहे, हे मात्र कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेलं नाही, म्हणून ते मीच सांगते.

ज्या खोलीत माझा जन्म झाला, तिथे धुळीला प्रवेश नव्हता. कामगार डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेले असत, फक्त त्यांचे डोळे दिसत. एवढी काळजी घेण्याचं कारण माझ्या पोटात आहे. तिथे आरशासारख्या गुळगुळीत दोन तबकड्या आहेत. त्या मिनिटाला सात हजार दोनशे फेऱ्या घेतात आणि एक नाजूक दांडी त्यांच्यावरून फिरत लिहिते आणि वाचते. दांडीचं टोक आणि तबकडी यांच्यात तुमच्या केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाइतकं अंतर असतं. एक कण मध्ये शिरला, की कारभार आटोपला. आणि नशीब बघा, पुढे सगळा जन्म मी कणांचीच चित्रं सांभाळण्यात घालवला.

मी ज्या घरात आले, तिथे दोघंच राहतात. बाई परागकणांचा अभ्यास करतात. फुलाला बोट लावलं की बोटावर जी पिवळी भुकटी येते, तिचा एकेक कण त्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि त्याचे फोटो काढतात. कण गोल असल्यामुळे तो एका फोटोत पूर्ण स्पष्ट दिसत नाही. म्हणून भिंग किंचित खाली सरकवत एकाच कणाचे साठ-सत्तर फोटो काढायचे आणि ते जुळवून एक स्वच्छ चित्र करायचं, अशी त्यांची पद्धत. अशा चित्रांचा मोठा संग्रह त्या कित्येक वर्षं तयार करत होत्या. त्यांचे पती शाळेत गणित शिकवतात. त्यांना सगळे मास्तर म्हणतात, त्यामुळे मीही म्हणते.

सुरुवातीची वर्षं संगणकात मी एकटीच होते. सगळं माझ्यावर अवलंबून होतं. बाई सकाळी बटण दाबत, मी घूंऽऽ करत जागी होई आणि मला पुरतं जागं व्हायला दोन मिनिटं लागत. तेवढ्यात त्या चहा टाकून येत. मला वाटे, घरचा चहासुद्धा माझ्याच वेळेवर होतो.

याच काळात ती वाईट गोष्ट घडली. बाई चार दिवस परगावी गेल्या होत्या. त्या आल्यावर त्यांना बरं वाटावं म्हणून मास्तरांनी संगणकाची साफसफाई केली. ‘जुने’ असं नाव असलेलं एक फोल्डर त्यांना दिसलं. जुनं म्हणजे नको असलेलं, असं समजून त्यांनी ते पुसलं आणि कचरापेटीही रिकामी केली. त्यात बाईंचे अकरा महिन्यांचे फोटो होते.

तुम्हाला एक आतली गोष्ट सांगते. तुम्ही काही पुसता, तेव्हा ते माझ्या पोटातून लगेच जात नाही. फक्त अनुक्रमणिकेतलं त्याचं नाव खोडलं जातं. फोटो जागच्या जागी होते. त्याच दिवशी कुणी जाणकाराला बोलावलं असतं, तर बहुतेक सगळे परत मिळाले असते. पण मास्तरांना चूक कळली आणि ते शरमेने दोन दिवस कुणाशी काही बोललेच नाहीत. त्या दोन दिवसांत माझ्यावर दुसरं काहीबाही लिहिलं गेलं आणि फोटो खरोखरच गेले. बाई आल्या, त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, “असू दे.” त्यानंतर त्या घरात या विषयावर एक शब्द निघाला नाही. माझ्या घरघरीतही ती शांतता मला ऐकू येई.

मग दोन-अडीच वर्षांनी धाकटी आली.

बाईंचा भाऊ संगणक दुरुस्त करतो. त्याने ती नवी डिस्क खिशातून काढली. खिशातून, मित्रांनो. मी आले होते ती फोमच्या खोक्यातून, दोन्ही हातांवर. ती बिस्किटाएवढी होती. तिच्यात तबकडी नाही, दांडी नाही, फिरणं नाही, आवाज नाही. सगळं काही आतल्या चिपांवर. मला तर ती काही काम करते की नुसती बसून असते, हेच कळेना.

“ही धाकटी जाऊ,” भाऊ मला धक्का देत म्हणाला. “थोरलीने आता कोठीघर बघायचं. स्वयंपाक हिच्या हातात.”

त्याने संगणक सुरू केला. बारा सेकंदांत पडदा उजळला.

“अरे, चहा टाकायलाही उठले नाही मी अजून,” बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी कोठीघर झाले. कच्चे फोटो माझ्यात. जुळवून तयार झालेली सुबक चित्रं तिच्यात. ‘चित्रसंग्रह’ तिच्यात, बाईंची बोटं तिच्यासाठी आणि कौतुकही तिचंच. कुणी पाहुणे आले तरी तेच. “बघा, किती झटकन उघडतं,” असं मास्तर सांगत, जणू त्यांनीच तिला घडवलं होतं. माझ्याबद्दल एवढंच बोललं जाई, “तो आवाज येतोय ना, ती जुनी.”

आणि अशात माझी जागा कमी व्हायला लागली.

माझ्यात एक हजार जीबी मावतात. धाकटी आली तेव्हा त्यातले सहाशे मोकळे होते. कुणी काही नवीन ठेवलं नसताना ही मोकळी जागा दर आठवड्याला घटू लागली. बाई शिस्तीच्या. त्यांनी कागदावर रकाने आखले, तो भिंतीला लावला आणि रोज सकाळी मोकळी जागा लिहायला लागल्या. चार आठवड्यांनी त्या कागदासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “बुधवारी सोळा जातात. रविवारी सोळा जातात. मधल्या दिवशी एक थेंबही नाही.”

“चोर दिसतो नोकरदार. वेळापत्रक पाळतो,” मास्तर म्हणाले. मग वह्या तपासायला घेतल्या.

फोनवरून भाऊ उपाय सांगत राहिला. कचरापेटी रिकामी झाली. व्हायरसचा शोध झाला, तो नव्हता. तात्पुरत्या फायली गेल्या. मास्तरांनी जपलेले क्रिकेटचे सामने गेले आणि त्या दिवशी त्यांनी दुसरी पोळी घेतली नाही. प्रत्येक उपायाने थोडी जागा परत यायची आणि बुधवारी पुन्हा सोळा जायचे.

“जागा खाते ही,” बाई माझ्याबद्दल म्हणाल्या.

मित्रांनो, खाणारी मी नव्हते. मला लिहिलेलं कळत नाही, पण कुठून येतं ते कळतं. बुधवारी दुपारी एकला आणि रविवारी सकाळी दहाला धाकटीकडून एक लोंढा यायचा आणि माझ्या कोपऱ्यात साचायचा. मला वाटलं, ही महाराणी आपलं घर झाडते आणि केर माझ्या अंगणात लोटते. शिवाय आळ माझ्यावर. मी खटखट आवाज करून सांगायचा प्रयत्न केला. त्यावर भाऊ फोनवर म्हणाला, “खटखटतेय? मग म्हातारी आता चालली.” तेव्हापासून मी आवाजही जपून करू लागले.

साडेचार महिन्यांनी माझ्यात अकरा जीबी उरले. नेमकं तेव्हाच खिडकीबाहेरचं झाड फुललं.

त्या झाडाला वर्षातून एकदाच, जेमतेम आठवडाभर फुलं येतात. त्याचा परागकण हे बाईंच्या संग्रहातलं शेवटचं चित्र होतं. ते काढून शनिवारी सगळा संग्रह प्रकाशकाकडे द्यायचा होता. त्या कणाच्या कच्च्या फोटोंना पस्तीस जीबी लागणार होते. धाकटी लहान, तिच्यात ते मावणार नव्हते. माझ्यात जागा नव्हती. फुलं गळली, तर थेट पुढचं वर्ष. अकरा महिने एकदा गेलेच होते. आता पुन्हा एक वर्ष जाणार, हे बाईंच्या तोंडावर दिसत होतं.

गुरुवारी सकाळी भाऊ स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्वतः आला.

“ताई, हिच्यातलं तुला काय हवंय?”

“खरं म्हणजे काही नाही. कच्च्या फोटोंची चित्रं झाली सगळी.”

“मग शोधत कशाला बसायचं? पूर्ण पुसतो. दहा मिनिटांत हजार जीबी मोकळे. तुझं चित्र काढून घे, पुढच्या आठवड्यात हिला काढून टाकू.”

मी धाकटीकडे पाहिलं. ती नेहमीप्रमाणे गप्प होती. तिची ती शांतता मला इतकी कधीच टोचली नव्हती.

भावाने दोन-चार ठिकाणी माउस फिरवला. पडद्यावर प्रश्न आला, सगळं पुसायचं का? त्याने बोट उचललं.

“थांब,” बाई म्हणाल्या.

“थांबा, मेव्हणे,” दारातून मास्तर त्याच वेळी म्हणाले. त्यांच्या हातात अर्धी सोललेली काकडी होती.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भाऊ खुर्चीत मागे रेलला. “बरं. मी थांबलो. आता कारण कोण सांगतंय?”

मास्तर काकडीची उरलेली साल नखाने काढू लागले.

“त्यात माझं थोडं आहे,” शेवटी बाई म्हणाल्या.

“आत्ता तर काही नाही म्हणालीस.”

“आठ जीबी फक्त. चित्रसंग्रहाची एक प्रत. लपवून ठेवलीय.”

मास्तरांनी काकडी टेबलावर ठेवली. “माझेही आठच आहेत,” ते म्हणाले. “त्याचीच प्रत. लपवूनच.”

भावाने लपलेली फोल्डरं दाखवायला सांगणारी खूण केली आणि माझ्या पोटाचा नकाशा पडद्यावर उघडला. बाईंची प्रत उघडली. तिच्यात मास्तरांची प्रत होती. ती उघडली, तर आत बाईंची, तिच्या आत मास्तरांची. डब्यात डबा, त्या डब्यात डबा. एकाच परागकणाच्या तयार चित्राच्या किती प्रती आहेत, ते तो मोजू लागला आणि थांबला तेव्हा आकडा पंच्याहत्तर होता.

“ताई, आपोआप प्रत काढणाऱ्या प्रोग्रामला तू काय सांगितलंस?”

“दर बुधवारी, चित्रसंग्रह नावाचं जे जिथे असेल ते उचल, जुनी प्रत काढ आणि नवी ठेव.”

“भाऊजी, तुम्ही?”

“हेच. रविवारी.”

“आणि दोघांनीही आपल्या प्रतीला नाव चित्रसंग्रहच दिलंत. म्हणजे बुधवारी ताईचा प्रोग्राम मूळ चित्रं उचलतो आणि भाऊजींची प्रतही. रविवारी भाऊजींचा प्रोग्राम ताईची सगळी गाठोडी उचलतो. दोन आरसे समोरासमोर ठेवलेत तुम्ही. गणिताचा मास्तर आणि शास्त्रातली बाई, आणि दोघांनीही आपलं गाठोडं एकदाही वजन करून पाहिलं नाही.”

“आपलं आठच असणार, असं धरून चालले मी,” बाई म्हणाल्या. “बाकी सगळं मोजलं.”

मग त्यांनी मास्तरांना विचारलं, “मला का नाही सांगितलंत?”

“तुला वाटलं असतं, मी पुन्हा तुझ्या कामाला हात लावला.” मास्तर काकडीकडे बघत होते. “आणि तू?”

“तुम्हाला वाटलं असतं, मी अजून विसरले नाही.”

“विसरलीस?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “पण राग जाऊन दोन वर्षं झाली. तेवढं सांगायचं राहिलं.”

भाऊ स्क्रू ड्रायव्हरचं टोक बारकाईने तपासू लागला. मास्तरांनी काकडीचे तीन तुकडे केले आणि तिघांनी ती उभ्याउभ्याच खाल्ली.

आणि मी? मित्रांनो, मी जो केर समजत होते, तो त्या घरातला सर्वांत जपलेला ऐवज होता. जे पुन्हा हरवू नये असं दोघांना वाटत होतं, ते त्यांनी चपळ धाकटीच्या भरवशावर सोडलं नव्हतं. दोघंही एकमेकांना न सांगता माझ्याकडेच आले होते. हे कळल्यावर मला धाकटीविषयी प्रेम वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. मला तिची थोडी कीव आली, आणि खरं सांगायचं तर ती कीव मला फार आवडली.

एक प्रत ठेवून बाकीच्या त्यांनी पुसल्या. पुसण्यापूर्वी बाईंनी ठेवलेली प्रत उघडून तिच्यातलं एकेक चित्र पाहिलं आणि मास्तरांनी त्यांचा आकडा मोठ्याने मोजला. त्या दुपारी आणि शुक्रवारी झाडाच्या कणाचे फोटो माझ्यात येत राहिले. तो कण मला दिसत नाही, पण बाई म्हणत होत्या की त्याच्यावर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी आहे. शनिवारी संग्रह गेला.

गुरुवारी घरी जाताना भावाने मात्र बजावलं होतं, “एकाच खोक्यात दोन प्रती म्हणजे एकच प्रत. पाणी शिरलं तर थोरली आणि धाकटी दोघी जातील. एक प्रत माझ्या घरी ठेवा. आणि थोरलीचं वय झालंय, हे विसरू नका.” त्यासाठी तो उद्या एक तिसरी आणणार आहे. हातात धरून नेता येणारी. लाल रंगाची आहे म्हणे. मी तिला अजून पाहिलेलं नाही, पण ती मला आतापासूनच आवडत नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी घरघरत असेल, तर तिला अधूनमधून उघडून बघा, आत काय आहे ते मोजा. तिच्या आवाजाला हसू नका, तो बदलला तर लक्ष द्या. तिच्यात काही जपून ठेवलंत, तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगा. चूक झाली असेल, तर त्याच दिवशी सांगा. माझ्या पोटात तिसऱ्या दिवशी काही उरत नाही.

उद्या त्या लालडीला माझ्या शेजारी जोडतील आणि सगळी चित्रं तिच्यात उतरवायला सांगतील. मला वेळ लागेल. धाकटी वाट बघेल, लालडीही बघेल. बघू देत. मी एकेक कण शोधून, वाचून तिच्या हवाली करीन आणि मधाच्या पोळ्याची ती नक्षी सगळ्यांत शेवटी देईन.