चौथा ठोका

श्रीरंगचा फोन आला तेव्हा मी हातातला पत्रासुद्धा खाली ठेवला नव्हता.

"चंदन, राग नको मानू, पण तुझा बीट लंगडतो. शिवलीलाचा आवाज कमाल आहे, नो डाउट. रविवारी बीट सरळ करून आण. नाही जमलं तर टेन्शन नको, आमचा प्रोड्यूसर आहेच."

आमचा प्रोड्यूसर आहेच. म्हणजे मी नाही.

हा श्रीरंग पुण्याचा. इथं व्हाइटफील्डला एका म्युझिक कंपनीत नवे गायक हेरायचं काम करतो. रविवारी दुपारी चार वाजता त्यांच्या हॉलमध्ये आठ ग्रुप वाजवणार होते. त्यातले दोन निवडून त्यांना वर्षभराची गाणी आणि शो मिळणार. शिवलीलाला ते घेणारच होते. मला घेतील की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो माझा एकट्याचा होता.

शिवलीला आणि मी, दोघंही निपाणीकडचे, दोघंही पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एकाच शेडमध्ये. मी सात वर्षं पॉवर प्रेसवर आहे. पायानं पॅडल दाबायचं, पत्र्याच्या कड्या पाडायच्या. ती चार पावलांवर टेबलाशी बसते, कड्यांचं माप घेते, पास करते नाहीतर भंगारात फेकते. माझा माल तिनं जेवढा फेकलाय तेवढा दुसऱ्या कुणी फेकला असता तर मी मारामारी केली असती. रॅप तिचा, बीट माझा. ग्रुपचं नाव 'भंगार पास'.

आमची पद्धत सोपी. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या मशिनी थांबतात. मालक कल्लाप्पाण्णांनी दहा मिनिटं दिलेली आहेत. मी प्रेस चालवायची, तिनं फोन धरून शेजारी उभं राहायचं आणि त्या ठोक्यांवर ओळी पुटपुटायच्या. नंतर तो आवाज मी खोलीवर लॅपटॉपवर कापतो, जोडतो, खाली बास घालतो. शिकवलं कुणी नाही. बटणं दाबत गेलो, काहीतरी व्हायला लागलं.

पहिलं गाणं चाळीस जणांनी ऐकलं, त्यातले तीस आमचे नातेवाईक. दुसऱ्या गाण्यावर इथल्याच शिवाजीनगरच्या एका छोट्या हॉलमध्ये बोलावणं आलं. तिथल्या साउंडवाल्यानं मला केबल उचलायला सांगितली, मी उचलली. तिसरं गाणं मात्र पसरलं.

*मापात बसलं तर पास, नाही बसलं भंगार,*
*माझं माप घेणारा तू कोण रे ठेकेदार?*

शिकलेल्या लोकांनी खाली लिहिलं, 'सो रॉ'. कच्चं म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा की. पण वाजत होतं, आणि त्यामुळेच श्रीरंग आला.

बीट लंगडतो हे मला माहीत होतं. तीन ठोके नीट पडतात, चौथ्यानंतर किंचित उशीर होतो. मला वाटायचं मशीन जुनी, तिचा पट्टा ढिला, म्हणून घसरते. दोन वर्षं मी त्याची लाज बाळगली. मग त्या आठवड्यात शिफ्ट संपली की रोज बसलो आणि एकेक ठोका ओढून सरळ रेषेत लावला, तिन्ही गाण्यांत. जुन्याच फाइलवर सेव्ह केलं. शिवलीलाला सांगितलं नाही. सांगायचं काय? की मला काढतील, म्हणून बीट सरळ करत बसलोय?

रविवारी पहिलं गाणं कसंबसं गेलं. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर तिचा आवाज फाटला. ती खोकली, एक ओळ सुटली, दुसरी सुटली. तिनं हात वर केला.

"बंद कर."

मी बंद केलं. दोनशे माणसं बघत होती.

"हे कुणी केलं?" माइक चालूच होता.

"मी."

"का?"

"लंगडत होता. आपल्या प्रेसचा पट्टा ढिला आहे ना."

"पट्टा?" ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "पट्टा गेल्या दिवाळीत नवा घातलाय, मठ्ठ माणसा! एका पट्टीतून चार कड्या निघतात. चौथी पडली की तू पुढच्या पट्टीवर ब्रशनं तेल मारतोस. डाव्या हातानं. तेवढ्यात मी दम घेते. दोन वर्षं तिथंच घेतेय. तू तीच जागा बुजवून आलास!"

मागून कुणीतरी खिदळलं. माझे कान तापले. सात वर्षं हे माझा हात करत होता आणि मला पत्ता नव्हता. ती रोज बघत होती.

"जुना लाव."

"नाही राहिला."

तिनं माझ्याकडे पाहिलं, शिवी गिळली, माइकचा स्टँड वाकवून माझ्या बुटाशी आणला. स्टेज लाकडी होतं, आतून पोकळ. माझ्या पायात कारखान्यातलेच बूट, कारण दुसरे नाहीतच.

"मग पाड कड्या," ती म्हणाली.

मी लॅपटॉप मिटला. उभा राहिलो आणि पाय आपटला. एक. दोन. तीन. चार. आणि डावा हात आपोआप पुढं गेला, हवेतच ब्रश फिरवून आला. हॉल घुमला. तिनं छाती भरून दम घेतला आणि ठेकेदारावर तुटून पडली. दुसऱ्या कडव्याला पुढची रांग पाय आपटत होती, चौथ्यानंतर थांबतही होती.

उतरल्यावर श्रीरंग धावत आला. "भन्नाट एनर्जी! फक्त रेकॉर्डिंगला आमचा प्रोड्यूसर..."

"तो किती वर्षं प्रेसवर होता?" शिवलीलानं विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे नको. दोघांना घ्या, नाहीतर दोघांना सोडा."

माझ्यावर असतं तर मी म्हणालो असतो, तिला तरी घ्या. ती असं काही म्हणत नाही, म्हणून रॅप तिचा आहे.

"सांगतो," श्रीरंग म्हणाला.

मेट्रोनं परत निघालो. मॅजेस्टिकला गाडी बदलताना ती म्हणाली, "विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर म्हणाली असतीस, तुला काही येत नाही."

"म्हटलं असतं. मग?"

"मग काही नाही."

"मी तुला न विचारता कधी ओळी बदलते?"

"बदलतेस की."

"ते वेगळं."

अकरा दिवसांनी निरोप आला. दोघांना घेतलं होतं, दोघांची नावं एकाच मापाच्या अक्षरांत. रेकॉर्डिंग शेडमध्येच, त्यांचा माणूस रेकॉर्डिंगचं सामान घेऊन इथं येणार. कल्लाप्पाण्णांनी विचारलं, "प्रेस स्वल्प पुसून ठेवू काय रे? रंग मारू?"

"काही करू नका, अण्णा. तुम्ही फक्त बाजूची ग्राइंडर थांबवा."

काल सुट्टीत नवीन गाणं काढलं. शिवलीला फोन घेऊन उभी राहिली. मी पॅडलवर पाय ठेवला आणि पहिल्यांदाच तिला आधी विचारलं, "दम कुठं लागतो तुला, सांग."

"कागद बघ." तिनं ओळींवर नखानं दोन खुणा केल्या. "इथं आणि इथं. मध्ये थांबलास तर तुझं डोकं फोडीन."

"हा पत्रा जाड आहे. एका पट्टीत तीनच कड्या निघतात."

तिनं कागद उलटा केला, कानावरची पेन्सिल काढली.

"सरी, ठीक. मग तीन ठोक्यांचं लिहिते. दाब."