न जोडलेलं टोक

"पहिला माझा वेढा गं, कड्याच्या पोटी. दुसरा माझा वेढा गं, पहिल्याच्या पाठी."

शहाडच्या दौलतकाकांचा हा आवाज नीरजाच्या कानात ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासूनचा. आपल्या आईच्या जात्यावरची चाल धरून काका काळ्या फेराइटच्या कड्यातून तांब्याची तार ओवायचे आणि तिला सांगायचे, "भोकातून गेली तर वेढा, पोरी. बाहेरून कितीही फिरव, गणतीत नाही."

काका आणि बाबा दोघंही हौशी रेडिओवाले, शहाड ते ठाणे रोज हवेवर गप्पा मारणारे. हे कशासाठी, तेही काकांनीच शिकवलेलं. रेडिओला समोर पन्नास ओहम हवेत, आणि गच्चीवर एका टोकाने जोडलेली लांब तार अडीच हजारांचा अडथळा घेऊन बसलेली. मध्ये हा एवढासा ट्रान्सफॉर्मर. रेडिओकडे दोन वेढे, तारेकडे चौदा. "वेढे सातपट, तर अडथळा सात साते एकोणपन्नासपट. दोघं हट्टी, मग मध्यस्थ नको?"

नौपाड्याच्या घरातला जुना ट्रान्सफॉर्मर पाणी जाऊन गंजला, तेव्हा नीरजाने नवा ओवला. मनापासून ओवला, आणि जोडलाच नाही. डब्यात त्याच्या शेजारी तिने पन्नास ओहमचा जाड रेझिस्टर बसवला. सेट तपासताना लावतात तो. मीटर त्याच्यावर खूश असतो. आवाज मात्र घराबाहेर पडत नाही, आतल्या आत ऊब होऊन विझतो; बाहेरचाही धड आत येत नाही.

दौलतकाका गेले होते. कलावतीकाकूंचा फोन आला तेव्हा बाबा, हरिहरराव, आयसीयूत होते. "भाऊजींना आत्ता नको सांगूस," काकू म्हणाल्या, "आणि कसे गेले ते तर कधीच नको." बाबा घरी आले ते रेडिओ मागतच. फोन नीरजाने सांभाळला असता. पण हवेवर पहिला भेटेल तो हौशी गडी दुखवट्याचं बोलून मोकळा झाला असता, आणि बाबांच्या छातीचे टाके अजून ओले होते.

"बघ, मीटर कसा सरळ एकास एक," बाबा खुशीत म्हणाले. "दौलत जळेल." मग माईक तोंडाशी धरून, "शहाड, शहाड, ठाणे बोलतोय."

खरखर. त्या खरखरीत कुठूनतरी पुसट माणसं.

रोज तेच. "झोपलाय बैल," कधी म्हणायचे. कधी, "रुसलाय गं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मी त्याला झाडलेला. म्हटलं, दौल्या, तुझा आवाज उल्हास नदीच्या गाळातून येतोय, तार वर घे. का म्हातारा झालास?" आणि हसायचे, छातीवर हात दाबून. नीरजा पेज ढवळत राहायची. पेज कधीच शिजलेली असायची.

एका दुपारी खूप वेळ हाका मारून झाल्यावर बाबा खिडकी लावायला उठले आणि त्यांचा हात डब्यावर पडला. त्यांनी तो काढला. पुन्हा ठेवला.

"नीरू, हा तापलाय."

"ऊन असेल, बाबा."

"या खिडकीला ऊन येतं कधी?" ते खुर्चीत बसले. "स्क्रू-ड्रायव्हर दे."

नाही म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने आणून दिला.

झाकण निघायला वेळ लागला. मग बोटाचं टोक वेढ्यांवरून हलकेच फिरलं. "सुंदर. दौलतच्या हातचे म्हणून खपतील." बोट सरकत लोंबत्या टोकापाशी आलं आणि थांबलं. शेजारचा रेझिस्टर त्यांनी नुसता पाहिला.

"म्हणजे इतके दिवस मी या डब्याशी बोलत होतो."

नीरजाने झाकणाचे स्क्रू गोळा केले.

"तू चुकणाऱ्यातली नाहीस. माझा आवाज कुणाला ऐकू जायला नको होता?" ते तिच्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू, "की मलाच कुणाचा यायला नको होता?"

ती त्यांच्या पायाशी बसली, लहानपणी काकांच्या पुढ्यात बसायची तशी. ते सुटं टोक तिने बोटाला गुंडाळलं. सोडलं.

"दौलतकाका गेले, बाबा."

कधी, ते त्यांनी विचारलं नाही. सेटची खरखर चालूच होती. त्यांनी आवाजाचं बटण पार खाली फिरवलं.

"कशाने?"

"गच्चीवरून पडले," नीरजा म्हणाली. "तार वर घेताना."