बाबांना ऐकू येईल एवढं इंजिन

इंजिन चाललं. पूर्ण चाळीस सेकंद, एकदाही न किंचाळता, न फाटता, न वितळता.

आता हे तुम्ही वाचलं नाहीत असं समजा. मीही लिहिलेलं नाही. इंजिन अजून फुटतंय, आणि आम्ही लोअर परळच्या ऑफिसात बसून त्याचे तुकडे पिशव्यांत भरून त्यांवर नंबर टाकतोय.

मी अभय. आमची कंपनी रॉकेटची इंजिनं बनवते, म्हणजे तसं बोर्डावर लिहिलंय. जुन्या गिरणीच्या आवारात काचेची इमारत आहे, तिच्यात एका बाजूला सॅलडचं दुकान, दुसऱ्या बाजूला योगाचा क्लास आणि मध्ये आम्ही.

रॉकेटचं इंजिन समजायला सोपं आहे. रॉकेल आणि द्रव ऑक्सिजन तांब्याच्या भांड्यात कोंबायचे, पेटवायचे आणि तापलेला वायू एकाच तोंडाने खाली सोडायचा. वायू खाली, रॉकेट वर. अडचण एवढीच की आत तीन हजार अंश तापमान असतं आणि तांबं अकराशेच्या आतच वितळतं. म्हणजे चहाला उकळी यायच्या आधीच टोप वितळायला हवा. म्हणून जे रॉकेल जाळायचं, तेच आधी भांड्याच्या भिंतीतल्या बारीक वाटांमधून पळवतात. आधी सगळ्यांना थंड करायचं आणि मग स्वतः आत जाऊन जळायचं. आमच्या घरी हे काम आई करते.

हे आम्हाला जमलं होतं. जमत नव्हतं ते त्याचं किंचाळणं थांबवणं. आगीची लाट एका भिंतीवर आपटते, तिथून समोरच्या भिंतीवर, परत इकडे. सेकंदाला दोन-तीन हजार वेळा, आणि दरवेळी जोर वाढत जातो. तीन इंजिनं अशी गेली. त्यातलं सगळ्यात टिकाऊ पाऊण सेकंद चाललं. आमचा बॉस हर्षवर्धन प्रत्येक स्फोटानंतर म्हणायचा, "गुड डेटा, गाईज." डेटा खरंच चांगला होता. इंजिन नव्हतं.

माझे बाबा, कोंडीराम, गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात फिटर होते. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे धोट्यातून धागा ओढायला तोंड लावावं लागायचं, आणि आमच्या लोकांचं तोंड लागलेला धागा बाकीच्यांना चालायचा नाही. बाबांच्या वेळेपर्यंत तो नियम गेला होता, सवय राहिली होती. कान मात्र दोन्ही खात्यांत सारखेच जायचे, तिथे भेदभाव नव्हता. ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली, त्याआधीच बाबांचे कान गेले होते. नंतर त्यांनी लालबागच्या एका गाळ्यात ड्रिल आणि लेथ चालवली.

त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून ओठ नीट हलवायचे. ते स्वतः ओरडूनच बोलायचे. त्यामुळे आमच्या घरात गुपित असं कधी नव्हतं. माझा बारावीचा निकाल वरच्या मजल्याला माझ्याआधी कळला.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा एक्स-रे उजेडाला धरला आणि महिने सांगितले. एकेरी आकड्यात. बाबांनी ओठ वाचले. घरी आल्यावर एकदम म्हणाले,

"तुझ्या इंजिनाचा आवाज केवढा रे?"

"खूप."

"खूप म्हणजे? विसर्जनाच्या ढोलाएवढा?"

"त्याच्यापुढे ढोल म्हणजे डास."

"मग मला ऐकू येईल."

"येईल," मी म्हणालो. इंजिनिअरने पुराव्याशिवाय बोलू नये. मी बोललो.

"पण तुमचं चालतच नाही ना!" हे खालच्या मजल्यालाही ऐकू गेलं.

"हळू," आई म्हणाली. "पोराची नोकरी जाईल."

दुसऱ्या दिवशी मी फुटलेल्या इंजिनाची तबकडी डब्याच्या पिशवीतून घरी आणली. हिच्या तीनशे भोकांमधून रॉकेल आणि ऑक्सिजन आत फवारतात. बाबांनी डोळे मिटून तिच्यावरून बोटं फिरवली. गिरणीतही ते असंच करायचे. फ्रेमला हात लावून सूत गुंडाळणारी कुठली चाती बिघडलीय ते सांगायचे.

"सगळी भोकं सारखी आहेत."

"केसाचाही फरक नाही," मी अभिमानाने म्हणालो.

"म्हणूनच. चारशे चात्या एका सुरात लागल्या की अख्खी फ्रेम नाचायची. आणि आत एवढी मोकळी खोली! मोकळ्या खोलीत भांडण घुमतं. पार्टिशन घाल."

काकाचं लग्न झालं तेव्हा आमच्या दहा बाय बारामध्ये प्लायवूडचं पार्टिशन घातलं होतं. भांडणं थांबली नाहीत, पण या टोकाची त्या टोकाला पोचेनाशी झाली. आईच्या मते घर त्यावर टिकलं.

आडभिंतींचा उपाय पुस्तकातही आहे. हर्षवर्धनने तो वजन वाढतं म्हणून काढून टाकला होता. शिवाय आडभिंत उभी राहणार थेट आगीत, तिला थंड कोण ठेवणार?

"तिलाही तेच रॉकेल पाज की," बाबा म्हणाले. "भोकं मी पाडतो."

पाच दिवस ते गाळ्यात बसले. नाकात ऑक्सिजनची नळी, हातात ड्रिल. तांब्याची ठिणगी पडत नाही, एवढ्यावर आईने परवानगी दिली होती. हर्षवर्धन आडभिंती घ्यायला स्वतः आला आणि इंग्रजीत बरंच काही बोलला. बाबांना इंग्रजी ओठ वाचता येत नसत. त्यांनी त्याला जय भीम घातला आणि चहा दिला.

चाचणी चौदा तारखेला होती, पालघरच्या पुढे एका माळावर. बाबांच्या पाससाठी मी सुरक्षा बघणाऱ्या सुचित्रा मॅडमकडे गेलो.

"कान झाकणं सक्तीचं आहे," त्या म्हणाल्या.

"मॅडम, ते बहिरे आहेत."

"मग त्यांना काहीच त्रास नाही."

"ते ऐकायलाच येतायत."

"ऐकू दे ना. कान झाकून ऐकू दे. नियम आहे."

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "घालतो की. तेवढ्याने मी काय बहिरा होणारे?"

चौदाला ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तीन तास गाडीत बसून आले. पाइपात ओलाव्याचा एक थेंब राहिला होता. ऑक्सिजन उणे एकशे ऐंशी अंशाचा. थेंबाचा बर्फ झाला आणि झडप उघडलीच नाही. चाचणी सोळावर गेली. सुचित्रा मॅडमनी पासवरची तारीख स्वतः पेनने बदलली आणि सही केली.

"चाळीस वर्षं थांबलोय," परतताना बाबा ओरडले. ड्रायव्हर दचकला. "दोन दिवसांचं काय?"

पंधराला सकाळी सव्वासहाला बाबा गेले. आई चहा गाळत होती. तिने सवयीने त्यांच्या समोर जाऊन, ओठ नीट हलवून, चहा झाला म्हणून सांगितलं. दोनदा सांगितलं.

संध्याकाळी स्मशानात त्रिशरण-पंचशील झालं. चाळीतले सगळे मोठमोठ्याने म्हणत होते. बाबांसमोर हळू बोलायची कोणाला सवयच नव्हती.

द्रव ऑक्सिजन टाकीत थांबत नाही, उडून जातो, म्हणून चाचणी आणखी पुढे ढकलता येत नव्हती. सोळाला सकाळी हर्षवर्धनचा फोन आला. तू येऊ नकोस, म्हणाला. आईने माझ्या हातात डबा दिला.

"आई, आज?"

"बघून ये. मला येऊन सांग केवढा होता."

अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी पेटलं. कान झाकलेले होते, तरी आवाज पायातून चढला, बरगड्यांत शिरला, दातांत वाजला. चाळीस सेकंद. आडभिंती जागच्या जागी. हर्षवर्धन डेटाबद्दल एक शब्द बोलला नाही. घरी येऊन मी आईसमोर उभा राहिलो आणि ओठ नीट हलवून म्हणालो, "खूप." तिने माझ्या ओठांकडे बघितलं आणि मान हलवली.

मागच्या आठवड्यात मृत्यूचा दाखला आणायला वॉर्ड ऑफिसात गेलो. खिडकीतला माणूस म्हणाला, चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज करा. मी केला.

प्रति,
मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी विभाग

विषय: मृत्यूच्या दिनांकात एका दिवसाची दुरुस्ती करणेबाबत.

महोदय,

माझे वडील कोंडीराम यांच्या दाखल्यावर मृत्यूचा दिनांक १५ असा नोंदवला गेला आहे. त्यांना दिनांक १६ रोजी एका ठिकाणी हजर राहायचे होते व तसा रीतसर पास त्यांच्या नावे होता. झालेला उशीर झडपेमुळे असून मयतामुळे नाही. मयताने आपले काम वेळेत पूर्ण करून दिले होते. तरी १५ हा दिनांक रद्द करून १६ करावा, आणि वेळ सकाळी ११ वाजून ४२ मिनिटे ४० सेकंदांनंतरची, कार्यालयाच्या सोयीने कोणतीही, टाकावी.