एका ठिगळात एकच काम

कोसाराचं ठिगळ तिसऱ्यांदा परत आलं तेव्हा ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पाव खात होती.

ठिगळ म्हणजे प्रोग्रामचं. चालू प्रोग्राममध्ये कुणी चार ओळी बदलल्या तर त्या बदलाला इथे ठिगळच म्हणतात. प्रोग्राम सांभाळणारा हो म्हणाला तर ते लागतं, नाहीतर ज्याचं त्याच्या घरी परत. हा प्रोग्राम राकियाच्या, म्हणजे फळांच्या घरगुती दारूच्या भट्टीवर नजर ठेवायचा. हंड्याच्या झाकणात तापमापक, त्याला जोडलेला तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि वर एक घंटा. उकळी आली की घंटा, म्हणजे विस्तव मागे ओढा. सुरुवातीचं जहाल पाणी संपलं की घंटा, म्हणजे भांडं बदला. (पहिल्या धारेच्या नावाने ज्यांच्या तोंडाला पाणी सुटतं त्यांनी सांभाळून राहावं. इथे ती पहिली धार गुडघ्यांना चोळतात.) प्रोग्राम फुकट होता आणि सगळ्यांसाठी उघडा होता. इथले सर्बियातले, शेजारचे बोस्नियातले, पार ट्रान्सिल्व्हानियातले भट्टीवाले तो वापरायचे, आणि ज्याला जमेल तो सुधारायचा.

म्हणजे सुधारू बघायचा. कारण प्रोग्राम सांभाळत होता ओब्राद. जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला हा माणूस, आणि निवृत्त झाल्याचं त्याला कुणी सांगितलंच नसावं. ठिगळ कसं पाठवावं याचे त्याने नियम लिहून ठेवले होते, आणि ते प्रोग्रामपेक्षा लांब होते. एका ठिगळात एकच काम. काय केलं ते सांगू नका, का केलं ते सांगा. स्वतःचं खरं नाव लिहा. खऱ्या भट्टीवर दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात: जे काही बोलायचं ते ईमेलच्या गटावर. फोन करू नये. घरी येऊ नये. रस्त्यात गाठू नये.

"स्वतःला सगळ्या चर्चचा पाट्रिआर्क समजतो," असं लोक म्हणायचे आणि गुपचूप नियम पाळायचे.

कोसाराला हवा होता एक दिवा. घंटा वाजेल तेव्हा सोबत लाल दिवा उघडझाप करावा, बस्स. पहिल्या वेळी तिने त्या दिव्याबरोबर दोन जुन्या चुकाही दुरुस्त करून पाठवल्या, म्हटलं म्हातारा खूश होईल. उत्तर आलं: "एका ठिगळात एकच काम. परत पाठव." तिने नुसता दिवा पाठवला. उत्तर आलं: "काय केलंस ते मला दिसतंय. का केलंस?" तिने लिहिलं, गोंगाटाच्या जागी उपयोगी पडेल. आणि आता, पाव हातात असताना, हे आलं: "भट्टीपाशी कसला गोंगाट? तिथे एक म्हातारा बसलेला असतो आणि फार तर एक कोंबडी. हे खरं कारण नाही. नाकारलं."

खरं कारण त्याच वेळी अंगणात आलुबुखाऱ्यांचं पिंप ढवळत होतं. खरं कारण म्हणजे तिचे बाबा, ल्युबिंको.

ल्युबिंकोला ऐकू येत नव्हतं. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, फक्त ल्युबिंकोला ठाऊक नव्हतं. त्याच्या मते जग हल्ली पुटपुटायला लागलं होतं, म्हणून तो समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलायचा. गेल्या वर्षी उकळीची घंटा वाजली, वाजतच राहिली, तीन घरं पलीकडची शेजारीण कपाळाला हात लावून बाहेर आली, आणि ल्युबिंको भट्टीपाशी बसून निवांत टोपीने वारा घेत होता. लगदा तळाला लागला, जळला, आणि ख्रिसमसला पाहुण्यांनी घोट घेऊन एकमेकांकडे बघितलं. तेव्हापासून कोसाराच्या आईने, देसांकाने, एकच धोशा लावला होता.

"या वर्षी जळली तर हंडा भंगारवाल्याला," ती म्हणायची. "आणि पाहुण्यांना मी दुकानातली बाटली देईन. लेबलवाली!"

दुकानातली बाटली! ज्या घरात तीन पिढ्या भट्टी लागते त्या घराला याहून मोठी शिवी नाही. ल्युबिंको वरवर हसायचा, पण कोसाराने त्याला एकदा हंड्यावर हात ठेवून नुसतं बसलेलं पाहिलं होतं. ते तिला बघवलं नव्हतं.

"मग बदल की तू तुमच्या घरच्या प्रोग्राममध्ये," असं कुणीही म्हणेल. तिनेही तेच म्हणून पाहिलं होतं.

"माझ्या हंड्याला ओब्रादने पास केल्याशिवाय काही लागणार नाही," बाबा म्हणाले होते.

"बाबा, मी याच कामाचा पगार घेते!"

"घे ना. पण तो प्रोग्राम या अंगणात जन्मला. त्याने लिहिला, मी विस्तव सांभाळला. तो गाढव आहे, गर्विष्ठ आहे, त्याचं तोंड मला बघायचं नाही. पण गणित त्याचं पक्कं आहे. आणि दिवा कशाला हवाय? मला काय ऐकू येत नाही?"

म्हणूनच तो दिवा वरून, ओब्रादकडूनच यायला हवा होता. सगळ्यांच्याच भट्टीला आला असता तर कुणाला काही कबूल करावं लागलं नसतं. आणि ओब्राद म्हणत होता की खरं कारण लिही. साऱ्या बाल्कनसमोर, खऱ्या नावानिशी, की माझ्या बापाला ऐकू येत नाही. ल्युबिंको रोज सकाळी चष्मा लावून तो गट पहिल्या अक्षरापासून वाचायचा, आणि वाचत नाही म्हणून सांगायचा.

ओब्राद हा ल्युबिंकोचा कूम. म्हणजे लग्नात त्याच्या शेजारी साक्षीला उभा राहिलेला, आणि हे नातं इथे सख्ख्या भावाच्याही वरचं. पण तीन वर्षांपूर्वी काहीतरी बिनसलं आणि तेव्हापासून दोघांत चकार शब्द नव्हता.

कोसाराने हातातला पाव टाकला, गाडी काढली आणि ती टेकडीपलीकडच्या ओब्रादच्या घरी गेली. घरी येऊ नये हा नियम तिला तोंडपाठ होता. तो तिने रस्ताभर मोठ्याने म्हटला आणि वर दोन शिव्या घातल्या.

फाटक उघडं होतं. तिने दाराची घंटा दाबली आणि खिडकीतून आत पाहिलं. ओब्राद पाठमोरा बसून काहीतरी टाइप करत होता. घंटेचा आवाज काही आला नाही. पण त्याच्या समोरच्या भिंतीवर लाल दिवा उघडझाप करायला लागला, आणि ओब्राद उठला.

कोसाराने बोट काढलं. दिवा विझला. परत दाबलं. परत लागला.

"एकदा पुरे!" दार उघडत ओब्राद ओरडला. गरजेपेक्षा पुष्कळ मोठ्याने. "नियम वाचले नाहीत का?"

"वाचलेत, चिका ओब्राद." चिका म्हणजे काका. तिने ओशाळून तोंडावर हात नेला. "मी फक्त विचारायला आले होते..."

"हात काढ तोंडावरचा. ओठ दिसू देत."

ती बघतच राहिली. मग तिने मुद्दाम आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं: तुम्हाला ऐकू येत नाही?

"नाही," ओब्राद म्हणाला, आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं. त्याचा चेहरा फळा पुसल्यासारखा झाला.

त्याने तिला आत घेतलं, कॉफी ठेवली. परसातल्या छपरात त्याची भट्टी होती. कोसाराने दारातूनच पाहिलं: घंटेशेजारी लाल दिवा. तिने ठिगळात कॉम्प्युटरच्या ज्या खुंटीला लावायचा म्हणून लिहिलं होतं, त्याच खुंटीला.

"हा तर माझाच दिवा!"

"तुझा कसला? सहा वर्षं झाली त्याला. तुझ्यात दोन ओळी जास्त आहेत."

"सहा वर्षं! मग गटावर का नाही पाठवलात?"

ओब्राद कॉफी ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती. "का केलं ते लिहावं लागलं असतं," तो शेवटी म्हणाला.

कोसाराला राग यायला हवा होता, पण हसूच आलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "तुम्हीच लिहिलेला नियम आहे. मोडा की!"

"मोडू?" ओब्राद असा दचकला, जणू तिने चर्चमध्ये पत्ते मांडायला सांगितलं. "उद्या सगळेच मोडतील. तू का नाही लिहिलंस खरं?"

"बाबांसाठी. ते म्हणतात त्यांना सगळं ऐकू येतं."

"ल्युबिंकोला?" ओब्रादने कप खाली ठेवला. "त्याला येतं तर! चर्चपुढे मी त्याला दोनदा हाक मारली, 'कूम, ए कूम!' सगळ्या गावादेखत. ढुंकून पाहिलं नाही त्याने. निघून गेला सरळ."

कोसारा आता खुर्चीतून पुढे सरकली. "चिका, बाबा काय म्हणतात माहीत आहे? गुरांच्या बाजारात त्यांनी तुम्हाला हाका मारल्या. तुम्ही पाठ फिरवून चालते झालात."

तीन वर्षं दोन म्हातारे एकमेकांवर तोंड फुगवून बसले होते आणि दोघांचंही बरोबर होतं.

"मी आत्ता जाऊन सांगते त्यांना."

"खबरदार!" ओब्राद म्हणाला. "तोंडी काही नाही. जे असेल ते गटावर." आणि तिची कॉफी अर्धी असतानाच त्याने तिला वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओब्रादचं पत्र आलं. कोसाराचं ठिगळ, तिच्या नावानिशी, आणि कारणाच्या जागी त्याने स्वतः लिहिलं होतं: "कारण प्रोग्राम सांभाळणाऱ्याला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. फोन म्हणूनच घेत नाही. ज्या कुणाच्या हाकेला मी ओ दिली नसेल, त्याने तो माझा माज समजू नये. आता तपासणारा हवा. घंटा ज्याला ऐकूच येत नाही असा, कारण ऐकू येणाऱ्याला दिवा लागला काय आणि न लागला काय. खरं नाव लिहावं."

तासाभराने ट्रान्सिल्व्हानियातल्या एकाने लिहिलं, माझा डावा कान गेलाय, चालेल का? ओब्रादने उत्तर दिलं: "उजवा चालतो ना? मग नाही चालणार." बोस्नियातल्या एकाने कळवलं की आपल्याला ऐकू येतं, पण बायको म्हणते येत नाही. त्यालाही नकार गेला.

अंगणात ल्युबिंको चष्मा लावून वाचत होता. एकदा वाचलं. चष्मा पुसला, परत वाचलं. कोसारा खिडकीआड उभी होती. तो काहीतरी बोलेल म्हणून तिने कान टवकारले, पण तो उठला, छपरात गेला आणि लाकडं रचायला लागला.

"आज भट्टी?" देसांका बाहेर आली. "अहो, शनिवारी लावायची होती ना?"

ल्युबिंकोने ऐकलं नाही. देसांका त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने हाताने विचारलं. तो म्हणाला, "ओब्रादने काम सांगितलंय."

कोसाराने दिवा जोडला. तो कशाला जोडतेस, असं त्याने विचारलं नाही. हंड्यात लगदा भरला, झाकणाच्या कडेला कणीक थापली, विस्तव लागला. ल्युबिंको ओंडक्यावर बसला आणि त्याने दिव्यावरून नजर हलवली नाही. देसांका दारात हाताची घडी घालून उभी. तिने भंगारवाल्याचं नाव काढलं नाही, पण तिच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं.

घंटा वाजली. ल्युबिंको हलला नाही. लगोलग दिवाही लागला, आणि म्हातारा असा उठला की टोपी एकीकडे, ओंडका एकीकडे. त्याने विस्तव ओढला, निखारे पसरले आणि विजयी वीरासारखा बायकोकडे वळला.

"ऐकलंत?" देसांकाने विचारलं.

"पाहिलं!" तो म्हणाला.

संध्याकाळी स्वच्छ, फुलांच्या वासाची राकिया बरणीत उतरली. देसांकाने बोट बुडवून चाखली आणि आत जाऊन पाहुण्यांचे छोटे पेले धुवायला काढले. ल्युबिंको कॉम्प्युटरपुढे बसला आणि त्याने दोन बोटांनी, जन्मात पहिल्यांदा, गटावर लिहिलं:

"तपासलं. खऱ्या भट्टीवर. दिवा दिसतो. मलाही ऐकू येत नाही, कूम. उद्या दुसरा हंडा लावतोय, तू ये. ल्युबिंको."

उत्तर लगेच आलं.

"एका पत्रात एकच काम. तपासणीचं वेगळं पाठव, बाकीचं वेगळं. ओब्राद."

"गाढव!" ल्युबिंको कडाडला. "तीन वर्षांनी माणूस तोंड उघडतो आणि हा..." पण तो हसत होता, आणि नाक पुसत होता. त्याने पहिलं पत्र पाठवलं: "तपासलं. खऱ्या भट्टीवर. दिवा दिसतो." मग दुसरं: "मलाही ऐकू येत नाही, कूम." मग थोडा वेळ विचार करून तिसरं: "उद्या दुसरा हंडा लावतोय. तू ये."

तिन्ही पत्रांना एकेक उत्तर आलं, वेगवेगळं, नियमाप्रमाणे. पहिल्याला: "स्वीकारलं." दुसऱ्याला: "माहीत आहे. आता माहीत आहे." तिसऱ्याच्या उत्तरात काही मजकूरच नव्हता.

"आता याचा अर्थ काय?" ल्युबिंकोने मुलीला विचारलं.

त्या कोऱ्या उत्तराचा अर्थ लावता लावता वीस मिनिटं गेली, तोच फाटकाबाहेर कुणीतरी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. शेजारीण कपाळाला हात लावून बाहेर आली. ल्युबिंको पडद्याकडे बघत तसाच बसून होता. मग गाडीचे दिवे उघडझाप करायला लागले, खिडकीतून भिंतीवर, बरणीवर, त्याच्या चष्म्यावर, आणि तो अनवाणीच धावत सुटला.