आधी कुणाला कमी करायचं

शाळा उघडायला तीन आठवडे राहिले, की गणवेशाच्या या दुकानात एरवी पाय ठेवायला जागा नसे. यंदाही गिऱ्हाईक येत होतं, पण जुने कपडे घेऊन. "खालची दुमड सोडून द्या, अजून एक वर्ष निघेल." कापड महागलं होतं, कारखान्यांनी पाळ्या कमी केल्या होत्या, लोक तरी काय करणार? आणि नुसत्या दुमडी सोडून देण्यावर कुणाचं दुकान चालत नाही.

मालकांनी मग वडिलांची रीत पाळली. तंगी आली की आधी बाईमाणूस कमी करायचं. पुरुषांना संसार असतो. बायकांना काय असतं, हे त्या घरात कधी कुणी विचारलं नव्हतं. मशीनवरचे दोन्ही कारागीर राहिले. अकरा वर्षं काजंबटणं करणाऱ्या मावशींना मालकांनी चहा पाजला आणि सांगितलं, "तुमच्या घरी मिळवता माणूस आहे. तुमचं भागेल."

तो मिळवता माणूस पंधरा दिवसांपासून घरीच बसून होता. मावशी हे बोलल्या नाहीत. मालकांनी विचारलं कुठे होतं? त्यांनी आपली कात्री पिशवीत टाकली आणि निघाल्या.

दहा दिवसांनी त्या आपल्या मुलाची पँट लांब करायला घेऊन आल्या. मालकांनी सवयीने विचारलं, "आणि मुलीचा ड्रेस?"

"तिला नाही लागायचा. शाळा थांबवली तिची. दोघांचं झेपत नाही."

"अहो, पण पहिली येते ना ती वर्गात?"

"येते की. पण उद्या मिळवता मुलगाच होणार. तंगीत आधी कुणाला कमी करायचं, ते तुम्हीच दाखवलंत, शेठ."

हा टोमणा असता तर बरं झालं असतं. मावशींनी ती रीत खरोखरच शहाणपणाची समजून घरी नेली होती. त्या दिवशी मालकांना स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारागिरांना सांगितलं, असेल तेवढं काम मावशींना धरून तिघांत वाटायचं.

"तिच्यासाठी आमच्या पोटावर पाय का?" एकजण कुरकुरला.

"तिच्या पोटावर मी पाय दिला, तेव्हा तू गप्प होतास. आता मलाही बोलायला तोंड नाही, पण वाटायचं म्हणजे वाटायचं."

तसेच ते मावशींच्या घरी गेले. दार मुलीने उघडलं. तिचे हात ओले होते.

"आईला कामावर यायला सांग. आणि शाळा उघडली की तू शाळेत जा."

"आई येईल, काका. पण मला दोन घरची भांडी मिळालीत. बाबांना काम लागेपर्यंत दादाची शाळा तरी चालू राहायला हवी." मग त्यांचा चेहरा बघून तीच समजूत घालू लागली. "माझं काय, चालतं."

"चालत नाही," मालक म्हणाले. आईबाप दोघांशी बोलल्याशिवाय हलायचं नाही, असं ठरवून ते उंबऱ्यावरच बसले.

मुलगी त्यांच्या बाजूने वाट काढून बाहेर पडली. तिला दुसऱ्या घरी जायला उशीर होत होता.