खोटा नारळ

“बंगल्यांना जमिनी विकल्या तेव्हा तुमचा देव झोपला व्हता? आणि मी सुरी धरली की लगेच जागा झाला?”

अपेक्षाने हे सुनावलं ते ओट्यावरच्या डुकराच्या मांडीला. गावकीच्या पंचांसमोर असं बोलायची तिची छाती नव्हती. चरबीवर शंकरपाळ्यांसारख्या चिरा पाडून ती प्रत्येक चौकोनात एकेक लवंग टोचत होती. दोन लवंगा फरशीवर पडल्या.

कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याच्या या बंगल्यात ती तीन वर्षं स्वयंपाक करत होती. खारवून धुरी दिलेली मांडी मुंबईहून यायची. हॅम म्हणतात त्याला. गूळ, मध, मोहरी आणि संत्र्याच्या रसाचा लेप चढवायचा, कडावच्या बाजारातून आणलेल्या अननसाच्या चकत्या लावायच्या आणि ओव्हनमध्ये भाजायचं. गावात कुणाला पत्ता नव्हता. मग एका पाहुण्याने ताट धरलेला तिचा फोटो पदार्थाच्या नावासकट मोबाइलवर टाकला, आणि तो फिरत फिरत गावाच्या ग्रुपवर पोचला.

पाच वाजता देवळात बोलावणं होतं. गावदेवीसमोर नारळ उचलून सांगायचं, असलं मांस मी शिजवलं नाही. उचलला तर विषय संपला. नाही उचलला तर घर वाळीत. आणि रविवारी नणंदेचं, जागृतीचं लग्न! मांडव गाव घालतं, घरटी एक माणूस येतो, हळदीला बाया येतात. वाळीतल्या घराच्या दारात कुत्रंही फिरकत नाही. ते वरपक्षाने पाहिलं की लग्न मोडलंच.

“उचल आणि मोकळी हो,” तिचा नवरा रूपेश सकाळी म्हणाला होता. “कोंबडी व्हती म्हनायचं. नारळ काय बोलतोय थोडाच?”

पण खोटा नारळ उचलणाऱ्याचं घर बसतं, हे ऐकतच ती मोठी झाली होती. घरी दोन वर्षांची तेजश्री होती.

लेप देऊन तिने ट्रे भाजायला ठेवला. अर्ध्या तासाने दुसरा हात द्यायला बाहेर काढला, तेवढ्यात मागचं दार उघडलं. दारात सासू, सोनुबाई. अपेक्षाने घाईघाईने ट्रेवर फडकं टाकलं.

“काढ ते. चिकटंल.”

तिने काढलं. सोनुबाई जवळ येऊन बघत राहिली.

“ह्योच का त्यो?”

“हो, आई.”

“आनि अननस कशाला?”

“गोडीला.”

“बाई बाई! माझ्या डोहाळजेवणाला एवढा थाट नव्हता गं.”

अपेक्षा हसायला गेली आणि तिला रडू फुटलं.

“मी उचलते नारळ, आई. जागृतीसाठी.”

सोनुबाईने ओट्यावरचा ब्रश घेतला, वाटीत बुडवला आणि कडेला लेप सुकला होता तिथे फिरवू लागली.

“मी उचलला व्हता एकदा,” ती म्हणाली. “बांधाचं भांडान व्हतं. बांध आमीच सरकवला व्हता. सासरे म्हनले उचल, उचलला. त्याच पावसाळ्यात माझा थोरला गेला. डाक्टर म्हनला, कावीळ.” ब्रश थांबला. “आसंल कावीळ. मला आजून नीट झोप नाय.”

“मग मांडव, आई?”

सोनुबाईने ब्रश पुन्हा वाटीत बुडवला. तिने विचारलं, “ह्ये उलटायचं का आसंच ऱ्हाऊ द्यायचं?”

पाच वाजता देवळात माणसं दाटीने बसली होती. पंचांतले थोरले, बुधाजी तात्या, यांनी हळदकुंकू वाहिलेला नारळ पुढे केला. रूपेश डोळ्यांनी खुणावत होता, उचल. अपेक्षाचा हात पुढे गेला, अर्ध्यावर थांबला, आणि तिने तो पदराखाली घेतला.

“डुकराचंच व्हतं, तात्या. आजपण केलंय.”

“समजतंय का गं काय बोलतेस?”

“समजतंय.” तिने खांबाला हात लावला. “देवीसमोर मी खरं सांगितलं. आता तुमी सांगा. रविवारी जागृतीच्या मांडवाला येताय का नाय? असं खाली बघू नका. एकेकानं तोंडानं सांगा. तात्या, तुमच्यापासून.”